नवी कार्यप्रणाली आणि आपली पेढी

सियागंजात काय किंवा महाराजा तुकोजीराव कापड बाजारात काय, दिवाळीच्या वहीपूजनात आता चोपडीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. तेव्हा नुकतीच निघालेली कार्यप्रणाली असलेला संगणक तत्काळ घ्यावा की थांबावे, हा प्रश्न तरुण मंडळींच्या हौसेपुरता राहिलेला नाही. तो पेढीच्या हिशेबाचा आहे.

आमचे मत असे की, पहिल्या वर्षी तरी नव्या प्रणालीच्या वाटेस जाऊ नये. ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली, तेव्हा कित्येक चालू छपाईयंत्रांसाठी तिच्याशी जुळणारे ड्रायव्हर तयारच नव्हते. यंत्र चांगले, प्रणाली नवी, आणि बिल मात्र निघेना! ज्याच्या दारात मालाची गाडी उभी आहे, त्याला नावीन्याचे कौतुक ते किती असणार?

परंतु थांबणे म्हणजे जुन्यालाच चिकटून बसणे नव्हे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. २०२१ साली आलेली विंडोज ११ आता पुरेशी मुरली आहे. पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, म्हणून अनेक जुन्या यंत्रांवर ती चढत नाही. अशा सभासद बंधूंनी नवे यंत्र घ्यावेच. मात्र मार्चअखेरीस नव्हे, आणि जीएसटीच्या विवरणपत्राच्या आठवड्यात तर मुळीच नव्हे. पैसे चुकते करण्यापूर्वी मुनीमजींना जुनी खतावणी त्यावर उघडून एक बिल छापून पाहू द्यावे. जुना संगणक महिनाभर शेजारीच असू द्यावा.