औषध नाही, मग एमआरआय कशाला?

‘डोकं मोठं आहे, पोरगा हुशार निघणार,’ असं आजी कौतुकानं सांगते. बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतंही. पण पहिल्या वर्षी डोक्याचा घेर प्रमाणाबाहेर वाढत गेला, मूल उशिरा चालू लागलं, सारखं पडू लागलं किंवा फिट आली, तर मेंदूचा एमआरआय करायला हवा. तो लिहून दिला की घाटकोपर-मुलुंडहून आलेले पालक मला विचारतात, ‘औषधच नसेल तर एवढा खर्च कशाला?’ प्रश्न रास्त आहे. तरी माझं उत्तर ‘करा’ असंच असतं.

मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं पांढरं आवरण असतं. ल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारांत ते नीट तयार होत नाही किंवा बिघडतं. एमआरआयमध्ये हा बिघाड क्ष-किरणांशिवाय दिसतो. लहान मुलाला गुंगीचं औषध द्यावं लागतं, इतकंच.

उदाहरण मुंबईतलंच आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. बी. एस. सिंघल आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अशा मोठ्या डोक्याच्या मुलांचा अभ्यास मांडला. ही मुलं अगरवाल समाजातली होती. स्कॅनमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजलेला आणि कानशिलाच्या बाजूला पाण्याच्या पोकळ्या दिसतात. २००१ मध्ये या आजाराचं एमएलसी-१ हे जनुक सापडलं. पुढे या समाजातल्या रुग्णांत त्या जनुकातला एकच ठरावीक बदल आढळला. म्हणजे स्कॅन ओळखीचा असला की नेमकी कोणती जनुकीय तपासणी करायची, हे कळतं.

त्यानं काय साधतं? किरकोळ मारानंही ही मुलं अचानक खालावू शकतात, म्हणून डोकं जपता येतं. फिट्सवर औषध देता येतं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक; पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच तपासणी करता येते. अॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफीसारख्या आजारात तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ एमआरआयवरूनच ठरते. उशीर झाला की ती संधी जाते. शिवाय ‘गरोदरपणात हिनंच काहीतरी केलं असेल’ हा आईवरचा ठपकाही पुसला जातो.

सुरुवात मात्र यंत्रापासून नको, मोजपट्टीपासून हवी. लसीकरणाच्या दिवशी वजनासोबत डोक्याचा घेरही मोजून कार्डावर लिहावा. लिहिलेला दिसला नाही तर पालकांनी तो मागून घ्यावा.