सूत दुसऱ्याचे, दंड विणकराला

ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कोणत्याही पिकाचा उत्पादनखर्च निघत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरविला. अर्जामागील अर्थशास्त्र मात्र खोटे नव्हते.

अशा शेतकऱ्याला आता औद्योगिक भांगेचा मार्ग दाखविला जातो. 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या 14 व्या कलमान्वये धागा व बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते. उत्तराखंडाने 2018 मध्ये ही वाट मोकळी केली. मुख्य अट अशी की, झाडातील टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण 0.3 टक्क्यांहून अधिक नसावे. अधिक भरल्यास पीक नष्ट करावयाचे.

हा आकडा आला कोठून? 1976 मध्ये स्मॉल व क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचविला. नशेची सीमारेषा म्हणून तो सिद्ध झालेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये ही मर्यादा 1 टक्का आहे.

मर्यादाच नको, असे आमचे म्हणणे नाही. भांगेच्या आडून गांजा पिकविला जाऊ नये, हे योग्यच. प्रश्न आहे तो जोखीम कोणाच्या माथी, हा. टीएचसीचे प्रमाण मुख्यतः वाणावर ठरते आणि पीक पक्व होताना वाढते. वाण शेतकऱ्याने घडविलेला नसतो. त्याच्यावरील निकाल मात्र पेरणी, खत, मजुरी यांचा सारा खर्च झाल्यावर लागतो.

गिरणगावाला हा न्याय परिचित आहे. एके काळी सूत निकृष्ट असले तरी बिघडलेल्या कापडाचा भुर्दंड विणकराच्या पगारातून वसूल होई. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने तत्त्व घालून दिले: नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात. जे तत्त्व मागावरच्या श्रमिकाला लागू झाले, ते बांधावरच्या श्रमिकाला का नाही?

म्हणून महाराष्ट्रात असे धोरण येण्यापूर्वीच आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. बियाण्याची हमी विक्रेत्याने लेखी द्यावी. काढणीपूर्वी सरकारी खर्चाने तपासणी व्हावी. मर्यादा थोडी ओलांडली तर शेंडे नष्ट करून खोडाचा धागा विकू द्यावा. शेतकऱ्याचा दोष नसताना पीक जाळले, तर पूर्ण भरपाई मिळावी. एवढे नसेल, तर हे नवे पीक म्हणजे कर्जाचे नवे कारण ठरेल.