गजर झाला, किल्ली कोणाकडे?

पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरच्या सोसायट्यांत एक रिवाज आता चांगलाच रुळला आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशातून महिनाभर येते, आईच्या मनगटावर घड्याळ बांधते, हॉलमध्ये कॅमेरा लावते, फोनमध्ये अ‍ॅप टाकते आणि ‘आता काळजी नाही’ म्हणत परत जाते. काळजी मिटते हे खरंच. फक्त कोणाची, ते विचारायला हवं.

माणूस पडल्याचं ओळखणारं घड्याळ अ‍ॅपलने २०१८ साली आणलं. पडलेला माणूस हलला नाही, तर ते आणीबाणीच्या क्रमांकाला फोन लावतं, जवळच्यांना निरोप धाडतं. उत्तमच आहे. पण आई दुपारी पडते, तेव्हा सॅन होजेला मध्यरात्र असते. लेकीला जाग आलीच, तर ती शेजाऱ्यांना फोन करणार. शेजारी धावत येणार आणि सेफ्टी डोअरपुढे थबकणार, कारण आतून कडी आहे. रुग्णवाहिका आली तरी तीही त्याच दारापुढे उभी.

ब्रिटनमध्ये गळ्यात अडकवायचं बटण कित्येक वर्षं वापरात आहे. ते दाबलं की चोवीस तास चालणाऱ्या केंद्रातला माणूस बोलतो. अनेक घरांबाहेर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते, तिच्यात किल्ली. स्वीडनमध्ये असं बटण नगरपालिका पुरवते, आणि गजर झाला की तिचीच माणसं घरी येतात. आपण यातलं बटण तेवढं उचललं. माणूस आणि किल्ली तिथेच ठेवून आलो.

आणि कॅमेरा? आई किती वेळ झोपली, जेवली की नाही, हे तिला न विचारता बघत राहण्याला आपण प्रेम म्हणतो. मग तसाच कॅमेरा स्वतःच्या हॉलमध्ये लावून त्याचं अ‍ॅप आईच्या फोनवर द्यायची तयारी आहे का?

‘मग काय नोकरी सोडून परत यायचं?’ असं कोणी म्हणेल. तसं कोणीच म्हणत नाही. एक किल्ली समोरच्या घरात आणि एक खालच्या मजल्यावर द्या. आतली कडी काढून बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा. बाथरूममध्ये धरायला दांडा लावा. त्याला चार्जिंग लागत नाही. घड्याळात पहिला नंबर पाच मिनिटांत पोचणाऱ्याचा घाला, तुमचा दुसरा. कॅमेरा चालू-बंद करायचं बटण आईच्या हातात द्या. २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. ते कसं दाबायचं, हे तिच्याकडून दोनदा करून घ्या.

गणपतीची वर्गणी ठरवायला सोसायटीची सभा भरते. कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे, हाही त्याच सभेत विषय घ्या.