डोहाळजेवणांतील थट्टा

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं धाकट्या सुनेचें डोहाळजेवण झालें. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सारें यथासांग होतें. पंगतींत एक वृद्ध आप्तबाई तिला म्हणाल्या, "अगबाई, दारांतून आंत आलीस तरी कशी? जुळीं आहेत कीं काय?" पंगत हसली. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हसलों. सुनेनें पानांतील लाडू हळूच बाजूस सारला.

पुढें प्रसूति झाली आणि दूध उतरावयास चौथा दिवस उजाडला. मधल्या काळांत घरींदारीं एकच वाक्य: "अंग एवढें, आणि दूध मात्र नाहीं!" कोणी खोलींत आलें कीं पोर मुलाला स्तनापासून दूर करी. तिसऱ्या दिवशीं बाटली आली.

वस्तुतः दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशींच उतरतें. तोंवर येणारा चीक थोडा असला तरी मोलाचा असतो. वजन अधिक असल्यास, मधुमेह असल्यास किंवा शस्त्रक्रियेनें प्रसूति झाल्यास कधीं आणखी विलंब लागतो. हें देहाचें कारण झालें. दुसरें कारण आपण घरांत निर्माण करतों. मूल चोखूं लागलें म्हणजे आईच्या रक्तांत दोन रस उतरतात: प्रोलॅक्टिन दूध तयार करतो आणि ऑक्सिटोसिन पान्हा फोडतो. भय, वेदना, लज्जा यांनीं हा दुसरा रस अडतो. आणि स्तन रिकामे न झाल्यास नवें दूध तयार होणेंही मंदावतें.

आपल्या पूर्वाचार्यांस हें अगदींच अज्ञात नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव हीं दूध नाहींसें होण्याचीं कारणें सांगितलीं आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील २१ व्या अध्यायांत आठ 'निंदित' देह सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूलाबरोबर अतिकृश आहे, अतिकृष्णाबरोबर अतिगौरही आहे! पण आचार्य निंदा करून थांबत नाहींत; स्थूल व कृश यांचे उपचार विस्तारानें सांगतात. आपण उपचार सोडून 'निंदित' एवढाच शब्द उचलला.

वजनाकडे पाहूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. अतिस्थूलतेनें गर्भिणीस मधुमेह व रक्तदाब यांचा धोका वाढतो. अमेरिकेंत २००९ सालीं ठरलेल्या मानाप्रमाणें, साधारण अंगाच्या स्त्रीचें वजन गर्भारपणांत ११.५ ते १६ किलो, तर मुळांतच अतिस्थूल असलेल्या स्त्रीचें ५ ते ९ किलो वाढणें इष्ट. आपल्याकडील बांध्यास हें मान कितपत लागू, तें वैद्यानें पाहावें, आणि तिच्याशीं एकांतांत, मृदु शब्दांत बोलावें. कांट्यावर उभें करून जिला लाजविलें, ती पुढील तपासणीस येण्याचें टाळते. मग नुकसान कोणाचें?

घरच्या मंडळींचें काम याहून सोपें आहे. जन्मानंतर पहिल्या तासांत मूल छातीशीं द्यावें; पुढें दिवसरात्र मिळून आठ-बारा वेळां पाजूं द्यावें; कोणीतरी उशीचा आधार द्यावा आणि खोलींतील गर्दी हटवावी. मुलाचें वजन वाढत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर डॉक्टरांस विचारण्यास विलंब लावूं नये. आणि वरचें दूध द्यावेंच लागलें, तर त्याचा दोष आईच्या माथीं मारूं नये.

आमच्याकडील बाटली महिन्याभरानें सुटली. बारशाच्या दिवशीं आम्हीं सुनेची क्षमा मागितली. ती इतकेंच म्हणाली, "मामंजी, तुम्हीही हसलांत, तें मीं पाहिलें होतें."

बोलणारीचें बोलणें ती कदाचित् विसरली असती. वडिलांचें हसणें मात्र विसरली नाहीं. वाचकहो, पुढील डोहाळजेवणांत असा विनोद झाला, तर कोणास रागें भरण्याचें कारण नाहीं. घरांतील वडील माणूस हसलें नाहीं, तरी पंगत उमजेल.