पानाचा देठ कुठे ठेवायचा?

झाडावरून गळालेले पान जमिनीला लागले की आडवे होते. ढालीत रुतलेला बाण मात्र आला त्याच दिशेत ताठ राहतो. पडद्यावर अशी हजारो पाने किंवा बाण उडवताना हा फरक संगणकाला सांगावा लागतो आणि तो सांगण्याची भाषा म्हणजे सदिशांचे गणित. आपल्याकडचे बरेच ॲनिमेशन अभ्यासक्रम सॉफ्टवेअरवर भर देतात आणि हे गणित ‘कलेच्या मुलांना जड जाईल’ म्हणून बाजूला ठेवतात. त्यात मुलांचे मोठे नुकसान आहे.

विल्यम रीव्ह्‌ज यांनी 1982च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात कणांच्या साहाय्याने ग्रहावर पसरत जाणारी आग उभी केली, तेव्हापासून हे तंत्र रुळले. आगीच्या ठिणगीला पाठ-पोट नसते. जागा, वेग, रंग आणि आयुष्य एवढ्यावर तिचे भागते. त्याच कणाच्या जागी पान बसवले की प्रश्न सुरू होतो. कण पृष्ठभागावर आदळला की सॉफ्टवेअर आदळल्याची जागा आणि तिथला ‘नॉर्मल’, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेली दिशा, देते. पानाची पाठ नॉर्मलकडे वळवली की ते सपाट टेकते, पण देठ कुठे? त्या नॉर्मलभोवती पान 360 अंशांत कसेही फिरू शकते. म्हणून दुसरी दिशा लागते. वेगातला नॉर्मलच्या दिशेचा भाग वजा केला की पृष्ठभागालगतचा वेग उरतो. देठ त्या रेषेत ठेवायचा आणि तिसरी दिशा सदिश गुणाकाराने काढायची. पान नॉर्मलच्याच रेषेत येऊन आदळले, जसे सपाट जमिनीवर सरळ खाली पडले, तर मात्र हा उरलेला वेग शून्य होतो. मग आकडेमोडीतल्या बारीकशा चुका दिशा ठरवू लागतात आणि टेकलेली पाने दर फ्रेमला गरागरा फिरतात. सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे ठीकच असते. अशा वेळी पानाची आधीची दिशा जपायची, हे गणित कळलेल्यालाच सुचते.

‘पुढच्या आवृत्तीत याचे बटण येईल’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. हौदिनीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार सोयी आहेतच आणि त्या वापराव्यात. पण फक्त नॉर्मल पाहून सर्वत्र सलग चालेल असा देठाचा नियम बनवताच येत नाही. गोलावर प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागालगतची दिशा सलगपणे आखू गेले तर ती कुठेतरी तुटतेच, हे गणितज्ञ ब्रौवर यांनी 1912मध्ये सिद्ध केले. अख्ख्या गोलावर पाने पसरली की हा सिद्धांत एखाद्या जागी डोळ्यांना दिसतो. तिथे काय करायचे हा निर्णय माणसाचाच. कृत्रिम बुद्धिमत्तेने कोड लिहून दिला तरी तो त्या जागी का फसला, हे ओळखणारा कोणी हवाच.

चित्रकलेचा वेळ गणितात जाईल, ही काळजी मला जास्त खरी वाटते. डोळा तयार नसेल तर पान खोटे टेकले आहे हेच कळणार नाही. पण लागणारे गणित मोठे नाही. दोन प्रकारचे सदिश गुणाकार राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आहेत. वळण झटका न बसता काही फ्रेममध्ये घडवण्यासाठी क्वाटर्नियन, म्हणजे वळण चार आकड्यांत मांडण्याची रीत, उपयोगी पडतात. गणितज्ञ हॅमिल्टन यांनी ते 1843मध्ये शोधले आणि केन शूमेक यांनी 1985मध्ये ॲनिमेशनसाठी वापरून दाखवले. क्वाटर्नियनमागची सिद्धता नाही शिकवली तरी चालेल, उपयोग मात्र शिकवावाच. आणि हे सगळे वेगळ्या पेपरात नको, त्याच वर्गात, त्याच पडद्यावर हवे. परीक्षेत घुमटावर सरळ खाली पडणारी पाने द्यावीत आणि देठ स्थिर ठेवून दाखवायला सांगावे. कोणते बटण दाबले याला गुण देऊ नयेत, देठाची दिशा कशावरून ठरवली याला द्यावेत.