संख्या आणि तिची रूपे

वस्तू आणि वस्तूचे चिन्ह यांत भेद आहे, हे व्यवहारात कोणी विसरत नाही. आंब्याचे चित्र पाहून कोणाची भूक भागत नाही. गणितात मात्र हा भेद विसरणे फार सोपे असते. कारण तेथील वस्तू डोळ्यांना दिसत नाही, दिसते ते केवळ चिन्ह. पाटीवर ‘५३’ लिहिले की आपण म्हणतो, ही त्रेपन्न संख्या. वस्तुतः ते त्या संख्येचे एक रूप होय. तीच संख्या दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या अशी मांडता येते. मराठीत ‘त्रेपन्न’ व कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ अशी उच्चारता येते. संगणकात ११०१०१ अशी साठवता येते. रूपे अनेक, संख्या एकच.

या रूपांपैकी खरे कोणते, हा प्रश्न निरर्थक आहे. कोणते रूप कोणते काम सुकर करते आणि त्याचे मोल काय द्यावे लागते, हा प्रश्न मात्र अत्यंत अर्थपूर्ण आहे. आपल्या शिक्षणविषयक वादांत पहिला प्रश्न हिरिरीने विचारला जातो आणि दुसरा बहुधा विचारलाच जात नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखक जेथे राहतो त्या म्हैसूर नगरीतील एक उदाहरण प्रथम घेऊ. ते शाळेतले नाही, संगीतातले आहे; परंतु त्यात गणित पुरेपूर भरलेले आहे.

म्हैसूर हे वीणावादनाचे जुने पीठ. येथील शेवटचे महाराज जयचामराज वडियार (१९१९–१९७४) हे स्वतः वाग्गेयकार होते. कर्नाटक संगीतात बहात्तर मेळ मानतात. सतराव्या शतकात वेंकटमखी या पंडिताने तंजावर येथे ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात त्यांची मांडणी केली. बहात्तर हा आकडा कोठून आला? षड्ज आणि पंचम अचल आहेत. मध्यमाच्या जागा दोन. षड्ज आणि मध्यम यांच्या दरम्यान चार जागा आहेत. त्यांतून दोन निवडायच्या, खालचीला ऋषभ व वरचीला गांधार म्हणायचे. चारांतून दोन निवडण्याचे प्रकार सहाच होतात. पंचमाच्या वर धैवत आणि निषाद यांचेही तसेच सहा. दोन गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे बहात्तर.

पुढे या मेळांची नावे अशा युक्तीने बांधली गेली की नावातच क्रमांक असावा. त्यासाठी ‘कटपयादि’ ही जुनी अक्षरसंख्यापद्धती वापरली गेली. तीत क, ट, प आणि य या प्रत्येकापासून मोजणी एकाने सुरू होते. ‘मेचकल्याणी’ हे नाव घ्या. पहिली दोन अक्षरे म आणि च. प पासून पाचवे अक्षर म, म्हणून पाच. क पासून सहावे च, म्हणून सहा. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. तेव्हा मेळ पासष्टावा. ‘धीरशंकराभरणम्’ मध्ये ध म्हणजे नऊ आणि र म्हणजे दोन. तेव्हा मेळ एकोणतिसावा.

आता पाहा, क्रमांक हाती येताच काय काय कळते. पहिल्या छत्तीस मेळांत शुद्ध मध्यम आणि उरलेल्या छत्तिसांत प्रति मध्यम, अशी वाटणी आहे. पासष्टातून एकोणतीस वजा केल्यास छत्तीस उरतात. म्हणजे या दोन मेळांत मध्यमावाचून दुसरा कोणताही फरक असू शकत नाही. मराठी श्रोत्याला हे कानाने ठाऊकच आहे. कारण एकोणतिसावा मेळ म्हणजे आपला बिलावल थाट आणि पासष्टावा म्हणजे कल्याण थाट. बिलावलाचा मध्यम तीव्र केला की कल्याण होतो. कानाने जे ओळखायचे ते येथे वजाबाकीने सिद्ध झाले. चांगल्या रूपाचे लक्षण हेच, की ते आपल्या बाजूने थोडे काम करून टाकते.

परंतु याचे मोलही द्यावे लागले. वीणेवर एका सप्तकास पडदे बाराच असतात. कर्नाटक पद्धतीत स्वरांची नावे मात्र सोळा आहेत. षट्श्रुती ऋषभ आणि साधारण गांधार यांचा पडदा एकच. प्रत्येक मेळात एक ऋषभ आणि एक गांधार असलाच पाहिजे, हा नियम पाळण्यासाठी एका जागेला दोन नावे पत्करावी लागली. हिशेब सरळ झाला, नावे वाढली. उलट पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दक्षिणेतील मेळपद्धतीचा अभ्यास करूनही हिंदुस्थानी संगीतासाठी दहाच थाट ठरविले आणि त्यांना प्रसिद्ध रागांचीच नावे दिली. ही नावे गाणाऱ्याच्या ओळखीची आहेत; पण ‘खमाज’ या नावावरून स्वर गणिताने काढता येत नाहीत. एक पद्धती गणनेला सोयीची, दुसरी स्मरणाला. दोहोंत श्रेष्ठ कोणती, असे विचारणाऱ्याने आधी काम कोणते ते सांगावे.

हाच विवेक आता गणिताच्या वर्गात नेऊ. तेथे मराठीसमोरचा प्रश्न अगदी असाच आहे.

कन्नड मुलाला एक ते दहा ही नावे, वीस ते नव्वद या दशकांची आठ नावे आणि अकरा ते एकोणीस यांची थोडी बदललेली रूपे आली, की शंभराच्या आतील सर्व संख्या म्हणता येतात. ‘ऐवत्तु’ म्हणजे पन्नास, ‘मूरु’ म्हणजे तीन. ‘ऐवत्तमूरु’ म्हणजे त्रेपन्न. दशक आधी, एकक नंतर. लिहिण्याचा क्रमही तोच. मराठी मुलाला मात्र त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव हे शब्द जवळजवळ एकेक करून पाठ करावे लागतात. शिवाय ‘त्रेपन्न’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. म्हणून ऐकून लिहिताना ३५ लिहिणारे मूल शिक्षकांना नवीन नाही. ते मूल मंद नसते. त्याने कानाशी इमान राखलेले असते.

ही अडचण ओळखून बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचनाचा अवलंब केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद उसळला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांनी या पद्धतीचे समर्थन करताना दक्षिणेकडील भाषांचा दाखला दिला आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हेही सांगितले. विरोधकांचे म्हणणे असे, की यामुळे भाषेचे वैभव जाईल. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्याला ‘त्रेसष्ट’ कळत नाही, त्याला आजीने सांगितलेले वय, बाजारातला भाव आणि जुन्या पुस्तकातला सन यांपैकी काहीच धड कळणार नाही. भाषा ही केवळ शाळेत वापरायची वस्तू नव्हे.

जुन्या नावांत गणिताच्या दृष्टीनेही काही गुण आहेत, हे त्यांच्या कैवाऱ्यांनीही फारसे सांगितले नाही. ‘एकोणचाळीस’ हा शब्द पाहा. त्याचा अर्थच एकाने उणे चाळीस. एकोणचाळीस रुपयांच्या तीन वस्तू घेतल्या तर किती झाले? तीन चाळीस एकशे वीस, त्यांतून तीन वजा, एकशे सतरा. ही तोंडी हिशेबाची युक्ती शब्दानेच शिकविली. कन्नडमधील ‘मूवत्तोंबत्तु’, म्हणजे तीस नऊ, हा शब्द तीस त्रिक नव्वद आणि नऊ त्रिक सत्तावीस या दुसऱ्या वाटेने नेतो. दोन्ही वाटा त्याच उत्तराला पोचतात. ज्याला दोन्ही ठाऊक आहेत तो अधिक श्रीमंत.

मात्र केवळ जुने म्हणून काही टिकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे एके काळी मराठी शाळेचे भूषण होते. सोळा आण्यांचा रुपया होता तोवर पाव, निम्मे, पाऊण हे व्यवहाराचे रोजचे साधन होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली, पुढे वजनेमापेही दशमान झाली आणि ते पाढे हळूहळू मागे पडले. कोणी त्यांच्यावर बंदी घातली नाही. त्यांचे काम संपले. ‘दीड’ आणि ‘अडीच’ हे शब्द मात्र राहिले, कारण त्यांचे काम अजून आहे.

यावरून आमचे मत असे. दुसरी-तिसरीच्या मुलाला अंकांचे स्थान समजावताना ‘पन्नास तीन’ हे वाचन निःसंकोच वापरावे. ती शिडी आहे. त्याच वर्गात ‘त्रेपन्न’ कानावर पडत राहावे; ते घर आहे. शिडी घराचा शत्रू नसते. आणि परीक्षा एखाद्या रूपाची नव्हे, तर एका रूपातून दुसऱ्यात जाण्याची घ्यावी: शब्द ऐकून जुड्या मांडणे, जुड्या पाहून अंक लिहिणे, अंक पाहून दोन्ही तऱ्हांनी वाचणे. जे मूल असे हिंडू शकते, त्याला संख्या कळली असे समजावे.

यावर कोणी म्हणेल, की रूपांचा एवढा विचार लहान मुलांपुरता ठीक. पुढे त्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या कामात सापडते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करा आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. २०१९ घेतल्यास ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१, मग ९६२१, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. हा शोध सुंदर आहे. पण हा गुण संख्येच्या दशमान रूपाचा आहे. बारा हा पाया धरून संख्या लिहिल्यास ६१७४ चे हे स्थान राहत नाही. याउलट त्रेपन्न ही मूळ संख्या आहे, हा गुण ती कशीही लिहिली तरी ढळत नाही. कोणता गुण वस्तूचा आणि कोणता रूपाचा, हे निवडता येणे म्हणजे गणिती प्रौढत्वाचा आरंभ होय.

ग्रंथपालांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. संगणकाच्या आजच्या सर्वमान्य संकेतावलीत ‘पाच’ या अंकाच्या इंग्रजी आकृतीचा क्रमांक ५३, देवनागरी आकृतीचा २४११ आणि कन्नड आकृतीचा ३३०७ आहे. माणसाला हे तिन्ही पाचच दिसतात. पण यंत्राला ते सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून एका आकृतीत नोंदविलेला ग्रंथाचा सन दुसऱ्या आकृतीत शोधणाऱ्याला, सूचीकाराने दोहोंची सांगड घातली नसेल तर, सापडणार नाही. ग्रंथ कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने नाहीसा होतो. यावर देवनागरी अंक टाकून देणे हा उपाय नव्हे. सूची तयार करतानाच दोन्ही रूपे एकमेकांशी जोडावीत, हा उपाय आहे.

एकाहून अधिक रूपे बाळगणे हा दुबळेपणा नसून सुरक्षितता आहे, हे व्यवहाराने केव्हाच ओळखले आहे. धनादेशावर रक्कम अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहितात. दोहोंत तफावत पडल्यास १८८१ च्या कायद्यानुसार अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरतात. येथे शब्द अंकाची राखण करतो.

तेव्हा शिक्षकांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी ‘हे की ते’ असा वाद घालण्यापूर्वी दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि प्रत्येकाखाली त्याचे काम लिहावे. वादाचा पुष्कळसा भाग तेथेच मिटेल. जो उरेल तो खरा असेल आणि त्यावर शांतपणे बोलता येईल.