तीस दिवसांचे मोल

मोटारसायकलच्या परीक्षेसाठी आमचे बहुतेक तरुण पाय न टेकता आठाचा आकडा तेवढा गिरवितात आणि तयारी पूर्ण झाली असे मानतात. शिकाऊ परवाना व परीक्षा यांत कायद्याने किमान ३० दिवसांचे अंतर ठेविले आहे, ते वाट पाहण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी होय. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत शेकडा ४४ दुचाकीवरील होती. वळण्यापूर्वी मागे पाहणे, दोन्ही ब्रेक एकदम पण बेताने दाबणे, शिरस्त्राणाचा पट्टा बांधणे यांतील उणीव मैदानावर कदाचित झाकली जाईल. चौकात ती झाकणार नाही, आणि तेथे नापासास फेरपरीक्षा नसते. यास्तव त्या तिसांतील एकही दिवस दवडू नये, एवढेच तरुणांस व त्यांच्या पालकांस आमचे सांगणे आहे.